सतरा नंबर फॉर्म की डायरेक्ट बीए? आणि शकुंतला इथं काहून आली?

यावेळचं पत्र दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं आहे. नाव-गाव काढून, थोडं छोटं करून देते. सतरा नंबर म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसायचा फॉर्म, आणि शकुंतला म्हणजे आमच्याकडची यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी रेल्वे.

"मॅडम नमस्कार. माझं वय ४१. २००० साली दहावी पास झाली, ५२ टक्के. अकरावी आर्टला नाव टाकलं होतं पण बाबांची तब्येत बिघडली, घरी राहिली, मंग लग्न झालं. पाच एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस-तूर. पोरगी औंदा बारावीत, पोरगा आठवीत. मी गावच्या बचत गटाची सचिव आहे. मले इतिहास घेऊन बीए करायचं आहे. एक जण म्हणते मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी करा अन् डायरेक्ट बीएला बसा, एक जण म्हणते सतरा नंबर फॉर्म भरून बारावी करा. घरचे म्हणते पोरीची फी भरू का तुही. सासूबाई काही म्हणत नाही, नुसत्या हासते. पोरीचं पुस्तक वाचायला घेतलं तं दोन पानं वाचून होते, पण कोणी विचारलं का काय वाचलं तं सांगता येत नाही. डोकं आता चालते का नाही तेच समजत नाही. माहेरच्या गावाजवळून शकुंतला जात होती. मले लहानपणापासून वाटते का ही एवढीशी गाडी इंग्रजायनं इथं आणली काहून, इथं तं काहीच नाही. हे असं बीएत शिकवते का?"

ताई, पत्र तीनदा वाचलं. उत्तर शेवटच्या ओळीपासून देते, कारण बाकी सगळं पत्र लोकांचं आहे, हे म्हणते ते म्हणते, ती एक ओळ तेवढी तुमची स्वतःची आहे.

हो, शिकवतात. आणि "इथं तं काहीच नाही" असं जे तुम्ही लिहिलं ना, ते चुकीचं आहे, तिथूनच धडा सुरू होतो. इथं कापूस होता. वऱ्हाड निजामाचं होतं, त्याच्या डोक्यावर इंग्रजांचं देणं साचलं होतं, त्यात १८५३ साली हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये तिकडे अमेरिकेत आपसातलं युद्ध पेटलं, तिथला कापूस विलायतेत जायचा बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या बसायला लागल्या आणि सगळ्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर आली, भाव असा चढला की जुने लोक त्याच्या गोष्टी सांगायचे म्हणतात. १८६७ पर्यंत मुंबईची मोठी रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली, पण यवतमाळकडचा कापूस मात्र बैलबंडीनंच त्या लाइनपर्यंत न्यावा लागायचा. म्हणून मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही छोटी लाइन टाकली, दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली, यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरपर्यंत, ११३ किलोमीटर. किलिक निक्सन नावाच्या इंग्रज कंपनीनं ती चालवली. आणि तुम्हाला वाफेचं इंजिन आठवत असेल, कारण ते १९९४ पर्यंत चालत होतं, तुम्ही तेव्हा दहा वर्षांच्या. ते इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. ज्या गावच्या गिरण्यांसाठी आपला कापूस जायचा तिथलंच इंजिन तो कापूस ओढायला आपल्या वावराच्या धुऱ्याजवळून जात होतं!

तर ही गाडी इथं काही नव्हतं म्हणून नाही, इथं खूप होतं म्हणून आली. आता पुढचा प्रश्न आपोआप येतो की नाही, एवढं होतं तर मग गेलं कुठं, आणि आपल्याकडं काहून नाही राहिलं? हा प्रश्न तुमच्या मनात आत्ता वाचता वाचता आला असेल तर डोकं चालते की नाही याची काळजी सोडा. तुमचं ते "काहून" आहे ना, पेपरात त्यालाच "कारणे लिहा" म्हणतात, बीएच्या तीन वर्षांत तेच वेगवेगळ्या विषयांत विचारत राहतात.

आता खरी अडचण. वाचलेलं सांगता येत नाही.

मी आमच्याकडच्या अभ्यासकेंद्रावर रविवारचे तास घेते, बरीच वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी एक बाई यायच्या, साधारण तुमच्याच वयाच्या, सकाळच्या एसटीनं. पहिल्या सराव परीक्षेत एक तास दिला होता. मी फिरत फिरत त्यांच्याजवळ गेले तर पेपरावर नाव, नंबर, तारीख, आणि खाली चार ओळी. चारही ओळी एकाच वाक्याच्या, मध्ये कुठं पूर्णविराम नाही, अक्षर ओळ सोडून वर वर चढत गेलेलं, आणि मधल्या बोटावर पेनचा लाल खड्डा पडलेला कारण पेन इतका दाबून धरला होता की जशी कुदळ धरली. म्हणाल्या, "मॅडम डोक्यात पूर्ण आहे, पण बोटातून उतरून नाही राहिलं."

मला तेव्हा ते नीट समजलं. त्या बाईंनी वीस वर्षांत सह्या सोडून काही लिहिलं नव्हतं. वाचणं सुटत नाही हो, दुकानाची पाटी, पेपर, व्हाट्सअप, काही ना काही डोळ्याखालून जातच असते, लिहिणं मात्र पूर्ण सुटते. आणि आर्टचा सगळा अभ्यास, शेवटी तुम्ही तीन तासात पुरवणी जोडून किती आणि काय लिहिलं यावरच येऊन थांबतो. मोबाईलवर व्हिडिओ पाहून समाधान भेटते, पेपर लिहिता येत नाही. म्हणून बीएची तयारी म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी फॉर्म, फी, पुस्तकं यांच्या आधी सांगते, दोनशे पानी वही घ्या.

आणि पोरीच्या बारावीच्या पुस्तकापासून सुरू करू नका, तिथंच तुमचं चुकलं. पोराचं आठवीचं इतिहासाचं पुस्तक घ्या. खरंच सांगते, लाजू नका. त्यात ब्रिटिश सत्तेचे परिणाम असा धडा आहे, शेतीचं व्यापारीकरण, रेल्वे, सगळं त्यात आहे, म्हणजे तुमची शकुंतला त्यातच बसलेली आहे. ते झालं की नववी, दहावी, मग अकरावी. पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही, ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे, पोरगी मोबाईलवर काढून देईल. पण जमलं तर छापील जुनं पुस्तक कोणाकडून मागून घ्या, छोट्या स्क्रीनवर रात्री वाचायला डोळ्याला त्रास होते.

वाचायचं कसं तेही सांगते. एक पान वाचा, फक्त एक. पुस्तक बंद करा. मग भाकरी थापता थापता, निंदता निंदता, ते पान मनातल्या मनात किंवा मोठ्यानं कोणाला तरी सांगा, कोणी नसेल तर बैलाला सांगा, तो मध्ये बोलत नाही. रात्री वहीत त्याच्या पाच ओळी लिहा, पुस्तक न उघडता. अर्धं आठवणार नाही, नाही तर नाही, जेवढं आलं तेवढंच लिहा. मग पुस्तक उघडा आणि जे सुटलं ते दुसऱ्या रंगाच्या पेननं खाली लिहा. झालं. दुसऱ्या दिवशी नवीन पान घ्यायच्या आधी कालच्या पाच ओळी एकदा आठवायच्या. तुम्ही काय करून राहिल्या की तेच पान दोनदा-तीनदा वाचता, त्यानं ते ओळखीचं वाटते, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नाही. बाजारात एखादी बाई दिसते, चेहरा पक्का ओळखीचा असते पण नाव काही केल्या तोंडावर येत नाही, तसं. पुस्तक बंद करून आठवायला बसलं, अडखळलं, की तेव्हा ते नाव पक्कं होते. त्रास होईल, हात दुखेल, पहिले पंधरा दिवस अक्षर पाहून वाईट वाटेल. ज्या बाईंचं सांगितलं त्या रोज अर्धं पान लिहायच्या, दीड-दोन महिन्यात एका बैठकीत दोन पानं लिहायला लागल्या आणि पूर्णविरामही यायला लागले. पूर्णविरामाचं विशेष सांगते कारण आपण बोलतो तसं लिहितो, "अन्" लावत लावत, बोलताना ते गोड लागते, पेपर तपासणाऱ्याला मात्र मुद्दा कुठं संपला ते दिसत नाही. एक मुद्दा, एक वाक्य, पूर्णविराम.

तुमच्याकडे अजून एक गोष्ट आहे जी माझ्या कॉलेजच्या पोरांकडे नाही, ती म्हणजे बचत गटाची ठराव वही. मला माहीत आहे त्यात काय लिहिलेलं असते, "आज दिनांक अमुक रोजी सभा घेण्यात आली, सर्वानुमते ठराव मंजूर", मागच्या महिन्याचं पाहून या महिन्याचं उतरवलेलं. ते तसं राहू द्या, ते ऑफिसला लागते. पण सभा झाली की घरी येऊन तुमच्या वहीत खरी सभा लिहा. कोणाचा हप्ता थकला, का थकला, कोण काय म्हणालं, कोण गप्प होतं, भांडण झालं तर कशावरून. एक पान. इतिहास लिहिणारे शंभर वर्षांपूर्वीच्या अशाच वह्या शोधत फिरतात, आणि त्यांना भेटतात त्या "सर्वानुमते मंजूर" वाल्या.

आणि सासूबाई हासतात म्हणून लिहिलं. त्यांना शकुंतलेचं विचारा. कधी बसल्या होत्या का, तिकीट किती होतं, गाडीत कापसाच्या गाठी पाहिल्या का, जिनिंगमध्ये गावातलं कोण कामाला जायचं, बायकांना काय मजुरी होती. त्या बोलतील तसं लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत, मध्ये सुधारू नका. याला मौखिक साधन म्हणतात, पोराच्या त्याच आठवीच्या पुस्तकातला पहिला धडा इतिहासाच्या साधनांवर आहे, वाचून पहा. म्हातारं माणूस सुनेच्या शिकण्याला काहून हासते ते मला नक्की सांगता येत नाही, पण त्यांना आजपर्यंत कोणी काही विचारून लिहून घेतलं नसेल हे मी पैजेवर सांगते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. डायरेक्ट बीए की बारावी.

दोन्ही रस्ते खरे आहेत, सांगणारे कोणी खोटं नाही बोलत, फक्त पूर्वतयारीला आता प्रवेश चालू आहे का ते आधी केंद्रावर विचारून घ्या. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं तेच मुळी ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं त्यांच्यासाठी, आणि बारावी नसलेल्यांसाठी त्यांचा पूर्वतयारी अभ्यासक्रम हजारो बायकांनी केला, आमच्याकडच्या कितीतरी जणी त्यातूनच बीए झाल्या. दिल्लीच्या इग्नूचंही, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचंही तसंच आहे, त्यांच्या पूर्वतयारीला बीपीपी म्हणतात, सहा महिन्यांचं, १८ वर्षं पूर्ण पाहिजे, तीनपैकी दोन विषय घ्यायचे, सामाजिक शास्त्र, वाणिज्य नाहीतर गणित. प्रश्न पर्यायी असतात, चार पर्यायांतून बरोबर उत्तराला खूण. सोपं आहे, मान्य.

पण पूर्वतयारी पास म्हणजे बारावी पास नाही. इग्नू तर स्वतःच सांगते की बीपीपी बारावीच्या बरोबरीचं धरलं जात नाही. याचा अर्थ समजून घ्या. पुढं कुठं जागा निघाली, फॉर्मवर दहावी, बारावी, पदवी अशा तीन रकाने असतात, तुमचा मधला रिकामा राहतो. अंगणवाडीच्या नवीन भरतीत आता बारावी मागतात, बीए आहे म्हणून सांगून मधला खड्डा भरून निघेलच असं नाही, कागद तपासणाऱ्यावर वाद घालत बसावं लागते. उद्या बीएड कराव वाटलं, एखाद्या परीक्षेला बसावं वाटलं, तेव्हा तो रकाना पुन्हा समोर येते. तुम्ही ४१ च्या आहात, नोकरीचं काही लिहिलं नाही, पण मी असं धरून चालत नाही की तुम्हाला कधीच काही नको.

आणि दुसरं कारण, जे माझ्यासाठी मोठं आहे. पर्यायी प्रश्नांना खुणा करून तुम्ही बीएच्या पहिल्या वर्षात जाल आणि तिथं समोर येईल "सविस्तर उत्तर लिहा". जी सवय लागायला पाहिजे होती ती लागलीच नसेल. मी रविवारी पाहते ना, पूर्वतयारीतून हुशार बाया येतात, बोलायला लावा तर ऐकत राहावं असं बोलतात, आणि पहिल्याच पेपरात अडकून घरी बसतात, मग घरचे म्हणतात पाहिलं, आम्ही सांगतच होतो. डोक्याची काही चूक नसते तिथं, सरावाची एक पायरी गाळलेली असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बारावी करा. सतरा नंबर फॉर्म भरा, आर्ट घ्या. एक वर्ष जास्त जाईल, जाऊ द्या, पंचवीस वर्षं गेली त्यात एक.

सतरा नंबर म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाच्याच परीक्षेला बसायचं, तुमच्यासाठी अमरावती विभागीय मंडळ. रोज कॉलेजला जायचं नाही, फक्त जवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाशी जोडून देतात, तोंडी परीक्षा, प्रकल्प वगैरे तिथं. फॉर्म ऑनलाइन निघतो, साधारण पावसाळ्यात, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तुमच्या पोरीसारखीच. तारखा दरवर्षी बदलतात म्हणून जूनपासून कॉलेजात विचारत राहा, शेवटच्या तारखेला नेट सेंटरवर जाऊ नका, साइट हमखास अडकते. विषय घेताना प्रॅक्टिकल असलेला घेऊ नका. इंग्रजी घ्यावंच लागते, मराठी घ्या, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, आणि कॉलेजात सोय असेल तर सहकार, बचत गट चालवणाऱ्या बाईला सहकार वाचताना अर्धं पुस्तक ओळखीचं निघेल.

एकदम सगळे विषय झेपणार नाही असं वाटत असेल तर तिसरा रस्ता आहे, एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालय. तिथं बारावीला पाच विषय असतात, एकेक-दोन-दोन करून देता येतात, नाव टाकल्यापासून पाच वर्षं आणि नऊ संधी भेटतात, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा. फक्त नाव टाकायच्या आधी तुम्हाला पाहिजे त्या विषयाचं पुस्तक मराठीत आहे का ते पाहून घ्या. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आपली वेचणी, तेव्हा पेपर देणं किती जमते तुम्हीच ठरवा.

बारावी झाली की मग मुक्त विद्यापीठात बीए, ते चांगलंच आहे, पुस्तकं मराठीत, तालुक्याच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र, सुटीच्या दिवशी संपर्कसत्र, गृहपाठ. अमरावतीला त्यांचं विभागीय केंद्र आहे, आपला यवतमाळ जिल्हा तिकडेच येतो. आणि एक, बसस्टँडवर फ्लेक्स लागलेले असतात, एका वर्षात पदवी, घरबसल्या पदवी, परीक्षेची हमी. त्या माणसाला एक रुपया देऊ नका. विद्यापीठाला तो कोर्स मुक्त पद्धतीनं शिकवायची यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का ते यूजीसीच्या साइटवर दिसते, पोरीला शोधायला लावा, नाव नसेल तर विषय संपला.

कागदांचं काम आत्ताच सुरू करा, अभ्यासाच्याही आधी. तुमची दहावीची टीसी तुम्ही अकरावीला नाव टाकलं तेव्हा त्या कॉलेजात जमा केली असणार, म्हणजे आता शाळेत जाऊन काही भेटणार नाही, त्या कॉलेजातून दाखला काढावा लागेल. पंचवीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर आहे, लिपिक आज या उद्या या करतील, अर्ज लेखी द्या आणि त्याच्या झेरॉक्सवर पोच घ्या. आणि नाव! दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मी लग्नानंतर एमए करताना याच एका गोष्टीसाठी एका ऑफिसच्या तीन चकरा केल्या, प्रत्येक वेळी नवीन कागद सांगायचे, एकदा तर शेवटची तारीख निघून गेली आणि माझं एक वर्ष गेलं, आजही ते आठवलं की राग येते. म्हणून सांगते, विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, ग्रामपंचायतीत नोंद नसेल तर आधी नोंद करा, दोन्ही नावांची मी एकच व्यक्ती असं प्रतिज्ञापत्र तहसीलमध्ये करून घ्या, आणि फॉर्म भरताना नाव सनदेवर जसं आहे अगदी तसंच, काना-मात्रेसकट. अर्धं इकडचं अर्धं तिकडचं असं करू नका, पुढं निकालावर तेच छापून येते.

वेळेचं. शहरातले लोक सांगतात रोज पहाटे चारला उठा, दोन तास अभ्यास करा. पाच एकर वावर, सैपाक, गट, दोन मुलं असलेल्या बाईला असं सांगणाऱ्यांचा मला त्रास होते. तुमचं वर्ष वावराचं आहे तर अभ्यासही वावराच्या हिशोबानं ठेवा. एप्रिल-मे मध्ये खरं वाचन उरकून घ्या, तेच तुमचे मोकळे महिने. जून-जुलैत पेरणी, निंदण, डवरणी, तेव्हा फक्त रात्रीच्या पाच ओळी, बाकी काही नाही. पोळ्यानंतर थोडी उसंत भेटते तेव्हा इंग्रजी. दिवाळीपासून वेचणी लागते, कंबर मोडते, तेव्हा नवीन काही वाचू नका, वाचलेलं आठवायचं, वेचता वेचता तोंडानं उत्तर म्हणायचं. तूर निघाली की जानेवारीपासून रोज एक जुना पेपर, घड्याळ लावून, पूर्ण लिहून. एखादा आठवडा पूर्ण कोरा जाईल. लग्नसराईत, कोणी आजारी असताना, बोंडअळीनं डोकं खाल्लं असताना. कोरा गेला तर गेला, तो भरून काढायला बसू नका, पुढच्या दिवसाच्या पाच ओळी लिहा.

इंग्रजीची भीती तुम्ही लिहिली नाही पण असेलच. ८० चा पेपर आणि २० तोंडी, मिळून ३५ पाहिजे. उताऱ्यावरचे प्रश्न, पत्र, अर्ज यांवर जोर द्या, कविता पाठ करायच्या मागे लागू नका. पोरगी बारावीत आहे ना, तिची वर्षभराची इंग्रजीची वही फेकू देऊ नका. तिनं तुम्हाला इंग्रजी शिकवावं, तुम्ही तिला इतिहास ऐकवावा. फक्त तिला तुमची उत्तरं लिहून देऊ देऊ नका, पोरं मायेपोटी लिहून देतात आणि मग आईचा हात तिथंच राहतो.

"पोरीची फी भरू का तुही" यावर. हे बोलणं ऐकायला वाईट लागते, पण यात एक खरा प्रश्न आहे, पैशाचा, आणि त्याचं उत्तर पैशातच द्या. सतरा नंबरचा खर्च किती येते ते कॉलेजातून आकड्यात विचारून या, कागदावर लिहा, पुस्तकं फुकट हेही लिहा, आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. पोरीच्या कॉलेजच्या फीपुढं तो आकडा केवढा आहे ते त्यांना दिसेल. त्यांच्या मनात बहुतेक मोठा आकडा बसलेला आहे. आणि शिकू का असं विचारू नका, ते विचारलं की हो-नाही चालू होते. जेवणं झाल्यावर नऊ ते दहा मला कोणी उठवायचं नाही, भांडी सकाळी होतील, एवढी एकच गोष्ट मागा. बाकी सगळं आहे तसंच चालेल हे त्यांना दोन महिने दिसू द्या. बीए करून काय भेटते असं विचारतील तर नोकरी भेटेल असं खोटं सांगू नका, नोकरी आपोआप भेटत नाही. मला शकुंतलेचं पूर्ण समजून घ्यायचं आहे असं सांगा. त्यांनीही ती गाडी पाहिली असेलच की, काय सांगावं, तेच तुम्हाला चार गोष्टी सांगत बसतील.

आता या आठवड्यात करायचं ते एवढंच, कॉलेजात दाखल्याचा अर्ज द्या, वही घ्या, आणि सासूबाईंजवळ बसा. शकुंतलेवरचं एक पान लिहून मला पाठवा, अक्षर कसंही असू द्या, त्यांचे शब्द तसेच ठेवा, पोरीकडून सुधारून घेऊ नका. मी पेन घेऊन वाचते आणि पूर्णविराम कुठं कुठं राहिले ते खुणा करून परत पाठवते.